सात नंबरची सळई

४ ऑक्टोबर

एक ऑगस्टची सकाळ पुन्हा आठवली. पाऊस उघडला होता. पट्टी, वही, हातोडी पिशवीत घालून मी धारेवर चढलो. या मातीच्या सुळक्यांत आम्ही लोखंडी सळया ठोकून ठेवल्या आहेत. माती वाहून गेली की सळई उघडी पडते. दर महिन्याला ती किती उघडी पडली ते मोजायचं – बावीस वर्षं हेच माझं काम. त्या दिवशी सात नंबरची हाताला डुगडुगली. लहानपणी गोठ्यातली मेख सैल दिसली की ठोकायची, ती सवय! दोन घाव घातले आणि मग पट्टी लावली. चार सेंटिमीटर. लिहून मोकळा झालो.

उतरताना ध्यानात आलं, आधी मोजायला हवं होतं. आधी चांगली वीतभर बाहेर होती. आकडा खोडला नाही. वाटलं, एकानं काय होतंय.

६ ऑक्टोबर

साहेब खूश आहेत. वहीतल्या ऑगस्टच्या पानाप्रमाणे सात नंबरची जागा सगळ्यांत टणक, म्हणून बघ्यांसाठी सज्जा तिथेच होणार. त्यावर चहाचं दुकान माझ्या मेहुण्याला. दोन वर्षं घरी बसलेला माणूस, हिच्या पाठचा एकुलता एक भाऊ. म्हणाला, "दाजी, तुमच्या पट्टीनं माझं नशीब मोजलं हो." ही हसली. किती दिवसांनी!

७ ऑक्टोबर

देवापुढे हात जोडले. तसाच उठलो.

१० ऑक्टोबर

सात नंबरपाशी धारेखाली सरपटत शिरून पाहिलं. वर वाळूच्या खडकाचं टोपण, खालची माती धुऊन गेलेली. माझं अख्खं अंग मावलं आत! बाहेर येऊन बसून राहिलो. समोर तांबडे, पिवळे, राखाडी पट्टे अंगावर घेऊन सुळके उभे, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक दगड. देवानं घडवलं, देवच झिजवतो. त्याबद्दल तक्रार नाही. मी मात्र कागदावर झीज थांबवली. फार थकवा आला. उतरायला तास लागला.

१२ ऑक्टोबर

साहेबांच्या दारापर्यंत गेलो. रजेचा अर्ज देऊन परत आलो.

१३ ऑक्टोबर

हिला आडून विचारलं, दुकान नाहीच झालं तर? म्हणाली, "अहो, असलं काही तोंडातून काढू नका. तो आता पुन्हा उभा नाही राहायचा." जेवण उरकून उठलो.

१५ ऑक्टोबर

उद्या खांब रोवणार होते. सकाळीच साहेबांना लेखी दिलं – आकडा खोटा, चूक माझी, खाली पोकळ आहे. दोनदा वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "अडीच महिने काय करत होतात?" सज्ज्याचं काम थांबलं. माझंही.

दुपारी घरी आलो. ही शिलाई मशीनवर भावाच्या दुकानाचा पडदा शिवत होती.

सांगितलं.

तिचा पाय थांबला.