डबा सोड!

३० जुलै
आज पुन्हा नकारच! यांना अर्धांगाचा झटका येऊन सहा महिने होत आले. डाव्या पायात ताकद आली आहे असं फिजिओ सांगते. पण हे वॉकर धरून बाथरूमपर्यंत जातात की परत खुर्ची. "आता चालायला शिकून कुठे जायचंय?" रडणारी माणसं मला चालतात, सोडून देणारी नाही. ताडकन बोलले मी. पूर्वी भांडले असते; आज मान हलवून पेपर उघडला.

१ ऑगस्ट
अक्षत उद्या आम्हाला बर्फ दाखवायला नेतोय, रुआपेहूवर. इथे न्यूझीलंडला ऑगस्टात हिवाळा! जिवंत ज्वालामुखी! माथ्यावर तळं आहे. ते उसळलं की पाणी, राख, दगड यांचा चिखल घळींतून सुसाट खाली येतो. त्याला लाहार म्हणतात. "भोंगा वाजला की घळ सोडून शेजारच्या सोंडेवर चढायचं. सामान घ्यायचं नाही, आई." मला शिकवतो! भूगोल घेऊन बी.ए. झालेय मी.
थालीपिठं केली.

२ ऑगस्ट
वाचलो आज!
गाडीतून उतरून डबे घेऊन मी पुढे. हे मागे, वॉकर टेकत, वाटेतली प्रत्येक पाटी वाचत — नेहमीचंच. मला तेवढा दम नाही. घळीतल्या सपाटीवर बाक होता, तिथे बसलो. अक्षत कॉफी आणायला गेला. मी डबे उघडते तोच भोंगा! लाल जाकिटातली मुलगी ओरडत होती, "अप द रिज! लीव्ह युअर बॅग्ज!" पोरं घसरगाड्या टाकून पळाली.
यांना ढकलत ढकलत सोंडेच्या चढाला लावलं. आणि मी — मी मागे वळले! आईने दिलेला स्टीलचा डबा. असा टाकून कसा यायचा?
"विभा! डबा सोड!"
हा आवाज सहा महिन्यांत ऐकला नव्हता. बघते तर वॉकर बर्फात आडवा, आणि हे खाली येतायत! मनगट धरलं आणि मला ओढत वर नेलं. यांचा डावा पाय फरफटत होता. हे गुडघ्यावर पडले, उठले. "चिखल काय तुझ्यासाठी थांबणार आहे? मूर्ख बाई!"
मूर्ख म्हणाले मला! किती बरं वाटलं.
थोड्या वेळाने कर्ण्यावर काहीतरी सांगितलं, लोक खाली उतरू लागले. तळं निवलं असावं. अक्षत धावत आला. बापाला वॉकरशिवाय उभं बघून त्याने मिठीच मारली.

३ ऑगस्ट
सराव होता तो! दरवर्षी करतात म्हणे. "काल सांगवेना, आई. बाबा किती खूश होते!"
यांना सांगायचं नाही, मी अक्षतला बजावलं. बायकोला वाचवलेला माणूस सकाळी आपण होऊन अंगणात हिंडतोय!
देवापुढे दिवा लावला. त्या भोंग्याचे उपकार, त्या लाल जाकिटवालीचे, डोंगराचेसुद्धा.

६ ऑगस्ट
कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन आले. एकटे!

९ ऑगस्ट
चहा देताना म्हटलं, "तुम्ही नसतात तर त्या दिवशी माझं काही खरं नव्हतं."
"अगं, सराव होता. पाटी वाचली होती मी."
"मग धावलात कशाला?"
"खरं असतं तरी तू डब्यासाठी परत गेलीच असतीस. म्हटलं, तुझा सराव तरी नीट होऊ दे."