शेपटीचं कापड

सोमवार, ३ मार्च

धाकटे, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी तू. परवा निघताना मी काय सांगितलं ते तुला आठवत असेल, अशी आशा मी ठेवलेलीच नाही. म्हणून पुन्हा सांगते. मी रोज बोलणार, सूनबाई लिहिणार आणि आठवड्याची पानं तुला पोस्टाने येणार. बहिणीला अक्षर येत नाही म्हणून तू सुटशील असं वाटलं होतं ना?

सुखरूप पोचले. घर विमानाच्या धावपट्टीला लागून आहे. दोन खोल्या आणि एक भली मोठी खिडकी. सूनबाई इथल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये कागदपत्रं सांभाळते, नात विमानं उडवते आणि मी आलेय शेपटी शिवायला. हसू नकोस. लढाईतलं एक जुनं विमान ही मंडळी पुन्हा उडवणार आहेत. त्याचं अंग पत्र्याचं, पण शेपटीचं सुकाणू कापडाचं. तसं हाताने शिवणारं माणूस कुठे मिळेना, तेव्हा नातीला आजी आठवली. जन्मभर गाद्या नि तंबू शिवले, आता हे.

मोठे मिस्त्री विमानाला म्हातारी म्हणतात. वय विचारलं, तर ऐंशीच्या वर. म्हटलं, मग मी तिची धाकटी जाऊ. मिस्त्री इतके हसले की हातातला पाना पडला.

शुक्रवार, ७ मार्च

शिवण संपली. दर दोन बोटांवर गाठ, आणि मी डावखुरी असल्यामुळे प्रत्येक गाठ उलटी. वरून उग्र वासाचं रोगण फासलं की कापड ढोलकीसारखं ताणतं. टिचकी मारली तर वाजतं.

इथली रीत कडक आहे. ज्याने काम केलं त्यानेच विमानाच्या वहीत सही करायची. सही नसेल तर उड्डाण नाही, मग कुणीही येऊन डोकं आपटो. सूनबाई म्हणाली, आई, तुमच्या वतीने मी करते. मिस्त्री म्हणाले, छे, काम आजींचं तर अंगठाही आजींचाच. मला काय मान वाटला, सांगू! निळ्या शाईत डावा अंगठा बुडवून दाबला. तोच, कात्रीने चिरलेला, मधोमध तिरका व्रण असलेला.

पुढच्या शनिवारी नात म्हातारीला पहिल्यांदा वर नेणार.

मंगळवार, ११ मार्च

म्हातारीची लढाईतली वही सापडली. कुणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत होती. सूनबाईने दुपारभर वाचून दाखवली. चार वर्षं नोकरी, चार अपघात. पहिल्यात उतरताना नाकावर आपटली, वैमानिकाचं खांद्याचं हाड मोडलं. दुसऱ्यात तेलाच्या गाडीवर आदळली, वैमानिकाचे दोन्ही पाय गेले. तिसऱ्यात समुद्रात पडली, वैमानिक तीन दिवस जगला. चौथ्यात शेतात कोसळली, वैमानिक जागीच गेला. दर वेळी म्हातारीला ठाकठीक करून पुन्हा उभं केलं. माणसं मात्र नवी आणावी लागली.

सूनबाईचा आवाज बसला होता. मी म्हटलं, लढाईच ती, विमानं काय पाळण्यात झोपवायला बनवतात? पण मनात काहीतरी रुतलं.

बुधवार, १२ मार्च

मला अक्षर येत नाही, पण पान बघता येतं. आज ती वही मी स्वतः चाळली. सगळीकडे सह्या, लफ्फेदार. फक्त चार ठिकाणी अंगठा. सूनबाईला वाचायला लावलं. चारही वेळा एकच काम, शेपटीचं कापड बदललं. आणि चारही वेळा त्यानंतरचं पहिलंच उड्डाण –

भिंगातून पाहिलं. मधोमध तिरका व्रण.

धाकटे, मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

गुरुवार, १३ मार्च

मिस्त्री म्हणाले, शाई फुटली असेल, आजी. नात म्हणाली, तुला मी वर न्यायचं राहिलं म्हणून तुझी नाटकं चाललीत. गालगुच्चा घेऊन गेली. सूनबाईने जुनी वही मिटून ठेवली. तिला पोर एकच. मला नात एकच.

दुपारी मिस्त्री जेवायला गेले. मी नव्या वहीतलं माझं पान फाडलं.

शुक्रवार, १४ मार्च

शेडमध्ये आरडाओरडा. मिस्त्रींनी कोरं पान समोर ठेवलं, पुन्हा अंगठा द्या म्हणाले. दिला नाही. हात पदरात गुंडाळून बसले. उड्डाण रद्द. नात बोलत नाही माझ्याशी. न बोलू दे. जिवंत माणसंच रुसतात.

शनिवार, १५ मार्च, सकाळ

चहा ओतताना कप निळा झाला. मग अंगठा दिसला. शाई अजून ओली –

नातीने मागून मिठी मारली. म्हणाली, आजी, शेवटी विरघळलीस ना? अंगठा उमटलेलं पान सकाळी शेडमधल्या टेबलावरच मिळालं, असं म्हणाली. मी सांगतेय, मी नाही दिला, मी घराबाहेर पाऊल – पण ती पळाली. मी धावले. पाय कुठे धावतात आता. म्हातारी तोवर शेडमधून धावपट्टीकडे निघाली होती.

शनिवार, अकरा वाजता

सूनबाईला खिडकीकडे पाठ करून बसवलंय. मी बघतेय. ती लिहितेय.

वर गेली. छान गेली. उजवीकडे वळली –

शेपटीला काहीतरी पांढरं फडफडतंय. नाही, ते लिहू नकोस. ढग आहे, ढग लिही.

आवाज थांबला, कारण उतरत असेल. उतरताना थांबतोच. मान वर करू नकोस, सूनबाई. अक्षर नीट काढ, धाकटीला वाचता आलं पाहिजे. मिस्त्री पळतायत, ते नेहमीच पळतात. तू लिही.

धाकटे, जेवण पाठव. आज इथे चूल पेटणार नाही. मऊ भात पाठव, दही पाठव. डबा तिघींचा. दोघींचा नको, ऐकलंस? तिघींचा. लिही, सूनबाई, तिघींचा भर म्हणावं, पोरगी दमून येईल, तिला भूक – मान खाली ठेव, बाळा, माझ्याकडे बघ, खिडकीकडे नको, तिघीं