बारशाच्या फोटोतले हे

खारवाडी, रत्नागिरी
ता. ६ मार्च

चि. अक्षयास राहीवहिनीचा आशीर्वाद.

चार रात्री डोळ्याला डोळा नाय. कारण ऐकलंस तर हसशील, नायतर तुझ्या दादाची बाजू घेशील.

फोनवर एका बाईचा फोटो आला. फिलिपिनची हाय, नाव मारिसेल. चर्चात उभी, कडेवर तान्हं पोर, पांढरा झगा. बाजूला एका म्हाताऱ्याने फोन उंच धरलान, आणि त्या फोनात तोंड कुणाचं? तुझ्या दादाचं. हसतायत! आमच्या छकुलीच्या बारशाला बोटीवर रेंज नव्हती, आणि तिथं हसायला रेंज हाय.

तेव्हापासून ती बाई सारखी लिहिते. अक्षरं इंग्रजी, भाषा तिची. मी सातवी शिकलेली, मला काय कळणार? पण तू मुंबईला कॉलेजात हीच भाषा शिकतेस, त्या लोकांच्या रीतीभाती शिकतेस. तुझे आप्पा तेव्हा म्हणाले होते, हे शिकून पोरगी तिकडे काय बांगडे विकणार? आता बघ, घरातच गरज लागली.

घरात फोन एकच, तो आप्पांच्या ट्रंकेत असतो. गुरुप्रसादने, ज्याने तुझ्या दादाला बोटीवर लावलान, त्याने सांगितलान की कंपनीचा नियम हाय, बाहेर कुणाशी बोलायचं नाय. आप्पा आंघोळीला गेले की किल्ली खुंटीला असते. तेवढ्यात मी तिचं लिहिलेलं उतरवलंय, रांगोळी काढतात तसं बघून बघून. त्यावरनं कुणाशी बोलले तर न्हाणीत ऐकू जातं, आणि आलेलं पुढे पाठवायला मला येत नाय. कागद सोबत हाय. शेजाऱ्यांचा फोन मागायची सोय नाय. वाडीतले सगळे पोरगे गुरुप्रसादनेच लावलेले, इथं शिंकलं तरी त्याला कळतं. म्हणून चिठ्ठी भागोजीच्या मुंबईच्या बसमधनं, आमसुलांच्या पिशवीत घालून पाठवते.

पोर त्यांचं हाय काय, एवढंच लिही. तू त्यांची बहीण, पण मी पण तुझीच.

लोभ हायच, खरं पण सांग.
राहीवहिनी


मुंबई
ता. ८ मार्च

ती. वहिनीस अक्षयाचा सा. न. वि. वि.

आधी दादाला माफ कर. पोर मारिसेलचं आणि रोमेलचं. रोमेल म्हणजे दादाच्या बोटीवरचा स्वयंपाकी. त्यांच्यात बारशाला जवळच्या मित्राला पोराचा धर्माचा बाप करतात, आणि तो समुद्रावर असला तर असा फोनवरून उभा करतात. फोटो जुना, हे पुढचं सगळं व्हायच्या आधीचा. आमच्या कॉलेजातल्या बाई मनिलाच्याच. त्या म्हणाल्या, हे नातं लागलं की दोन्ही घरच्या बायका सख्ख्यांसारख्या. एकीवर संकट आलं तर दुसरीने सांगायचंच. म्हणून ती तुला लिहिते.

वहिनी, आता बसून वाच. मी बाईंकडूनही वाचून घेतलं, माझं चुकत असेल म्हणून. बोटीचा मालक पळालाय. बोट परक्या बंदराबाहेर नांगर टाकून पडलीय. खाणं संपत आलंय, सगळ्यांचे फोन काढून घेतलेत. रोमेलने एक लपवलाय, म्हणून एवढं तरी कळलं. दादाचा पाय सुजलाय, अंगात ताप आहे. तिकडच्या बायका त्यांच्या सरकारी ऑफिसात ठाण मांडून बसल्या, म्हणून त्यांची माणसं लवकरच उतरणार. आपली तिथंच राहणार, कारण आपल्या एकाही घरची तक्रार नाही. मारिसेल विचारते, तुम्ही गप्प का?

मला तर वेगळाच प्रश्न पडलाय. आपण गप्प बसावं असं गुरुप्रसादला का वाटतं?

तक्रारीला दादाचा करार आणि पासपोर्टची झेरॉक्स लागते. ती ट्रंकेतच असेल. आप्पांना विचारू नकोस, ते भाबडेपणाने त्यालाच जाऊन विचारतील. मी उद्यापासून जहाजाच्या सरकारी ऑफिसात बसणार आहे. पिशवी आली तर खोलीतली माझी मैत्रीण नम्रता घेईल.

छकुलीला पापा. माझ्यावर विश्वास ठेव.
तुझी अक्षया


खारवाडी
ता. १० मार्च

चि. अक्षयास आशीर्वाद.

कागद पिशवीच्या तळाला हायत, आमसुलांखाली, प्लास्टिकात. आप्पा आंघोळीला होते. मी कागद शोधत होते आणि आपली छकुली ट्रंकेवर थापा मारून हसत होती. तिच्या तोंडात साखर कोंबली तेव्हा गप्प झाली.

त्या मारिसेलला मी मनातल्या मनात काय काय बोलले, ते तिला सांगू नको. एवढंच लिही, राही आता गप्प नाय.

काल गुरुप्रसाद येऊन गेला. छकुलीला चॉकलेट दिलान, मला वहिनी वहिनी केलान. म्हणाला, संदेशदादा मजेत हाय, वजन वाढलंय. मी म्हटलं, मग घरी बोलायला काय झालं? तर म्हणाला, बोटीवर कामं असतात. हसत होता, पण कप खाली ठेवताना बशीत चहा सांडलान. उद्या सकाळी परत येतोय. आप्पांचं आणि माझं बोलणं व्हिडिओत भरून घेणार हाय, की आमचं माणूस सुखात हाय, आमची तक्रार नाय. मग तो व्हिडिओ तिकडे सरकारी ऑफिसात दाखवला की झालं.

आप्पा बोलतील. त्यांचा मला राग नाय. परवा ओट्यावर बसून तुझ्या दादाच्या चपला पुसत होते, पायात घालायला कोण नसताना. घाबरलेत, म्हणून त्या गुरुप्रसादलाच धरून हायत. पण मी नाय बोलणार. मी बोलले नाय की तो कागद मागेल, आप्पा ट्रंक उघडतील, आणि मग मी आणि छकुली एकट्या.

माझा भाऊ दीपक पोफळीला वीजघरात कामाला हाय. सरकारी नोकरी, त्याला गुरुप्रसाद काय करणार? भागोजीची बस उद्या सकाळी तिथं लागेल, तेव्हा कळून तो लगेच गाडी घेऊन निघाला तर दुपारपर्यंत पोचेल. त्याचा नंबर पिशवीच्या आतल्या बाजूला मोठा लिहिलाय.

अक्षया, तू ऑफिसात असशील. मग नम्रता, नायतर जी कोण पिशवी उघडशील ती. मी तुला ओळखत नाय गो, पण आमसुलं सगळी तू ठेव. कागद अक्षयाला दे. पण त्याच्या आधी, चप्पल पण काढू नको, माझ्या भावाला फोन लाव. सांग, राही छकुलीला घेऊन ओट्यावर बसलीय, तू ये.