जोर न लावता वाकणारा सूर

प्रिय प्रतीक्षा,

परवा मला तो सूर वाकवता आला. माउथ ऑर्गनचं दुसरं घर, श्वास आत ओढायचा आणि सूर जागच्या जागी खाली आणायचा. ब्लूज संगीतातल्या त्या एका वळणासाठी कॉलेज सुटलं की आपण तुझ्या अमरावतीच्या गच्चीवर बसायचो. आनंद झाला, आणि पहिली आठवण तुझीच आली याचा रागही आला.

तुला अकोल्याला नोकरी लागली, तरी दर रविवारी आपण फोनवर वाजवायचो. माझा सूर हलत नव्हता. तू म्हणायचीस, जोर कमी पडतोय, आणखी ओढ. चार महिने ओढला. गाल दुखले, चक्कर यायची, शेवटी आतली पत्तीच निकामी झाली. तुलाही जमत नाही म्हणालीस, म्हणून मला वाईटसुद्धा वाटलं नाही. मग आपल्या दोघींचा अकोल्यात ठरलेला कार्यक्रम रद्द झाल्याचंही तूच कळवलंस.

दिवाळीनंतर अकोल्यातल्या एका सभागृहाची फुलांची ऑर्डर आली. आमच्या भातकुलीच्या शेतातला झेंडू घेऊन आई आणि मी गेलो. पडद्यामागे स्टुलावर उभी राहून मी माळ बांधत होते आणि पलीकडे तालमीत कुणीतरी आपण दोघींनी बसवलेली चाल वाजवायला लागलं. दुसरं घर आलं, सूर अलगद वाकला, महिनोन्महिने हात बसल्यासारखा. मी डोकावले नाही. तुझा श्वास मला ओळखू येतो. माळ पुरी केली आणि मागच्या दाराने निघाले. मंचावरची फुलं कोणाची होती, हे तुला कळलंही नसेल.

परवा गजरे करताना तेच डोक्यात होतं. दोरा खसाखस ओढत होते. आई म्हणाली, "कावून एवढी ओढून राहिली व? हळू ओढ, देठ तुटते." मी गजरा तसाच ठेवला आणि माउथ ऑर्गन घेतला. श्वास हळू, जीभ थोडी मागे. सूर वाकला. त्याला जोर लागतच नाही गं. ज्याला तो जमतो त्याला हे पहिल्याच दिवशी कळतं. तुला कळलेलं होतं, आणि तरी तू मला दर रविवारी जोर लावायला सांगत राहिलीस.

काल तुझा मेसेज आला. अमरावतीत तुझा कार्यक्रम आहे, मागे ताल धरायला मी हवी आहे, आणि सूर वाकवायचं काम तुझं, त्याची मी काळजी करू नये. त्याचं उत्तर म्हणून हे पत्र. मी येणार नाही. मंचाला फुलं हवी असली तर आईला फोन कर. तिला मी काहीच सांगितलेलं नाही. तिच्या लेखी तू अजून माझी मैत्रीण आहेस.

गच्चीवरच्या दिवसांपुरती तुझीच,
वर्षाली