फॉर्मवरचं ‘नाही’

१७ फेब्रु.
मंगला कंबोडियाचे विहार बघून परतली त्याला तीन दिवस. आपल्या गावच्या विहारातल्या बायकांसोबत गेली होती. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, मी घरी. आली ती ताप घेऊन. अड्याळहून गाडी करून दवाखान्यात आणली. परदेशातून आलेली म्हटल्यावर बर्ड फ्लूचा फॉर्म. नर्स पोरीने विचारलं, "पक्ष्यांना हात लावला होता का?" मंगला तोंड उघडेपर्यंत मी म्हटलं, "माझी बहीण अंडंसुद्धा खात नाही. तिकडे काय कोंबड्या विकायला गेली होती?" पोरीचं अक्षर बघवेना. पेन ओढून मीच लिहिलं: नाही. कॉन्व्हेंटचं वळणदार अक्षर.

१९ फेब्रु.
जनरल वॉर्ड. साधा न्यूमोनिया, म्हणतात. चादर मळकी, वॉर्डबॉयला सुनावलं. मंगला धापा टाकत, "ताई, भांडून कायले राहिली? बस ना, गुडघा दुखते तुझा."

२१ फेब्रु.
सकाळी आयसीयूत नेली. बाहेर बाकावर बसून मोबाईल उघडला. तिचे बोललेले निरोप मी कधी ऐकत नाही. ‘लिहायला शिकवलंय ना तुला?’ हे माझं ठरलेलं. आज ऐकले. तिकडून पाठवलेला एक: "ताई, इथं विहारापाशी पिंजऱ्यातले पाखरं घेऊन सोडतेत. पुण्य लागते म्हणे. एक तुझ्या गुडघ्याच्या नावानं घेतलं. पण उडूनच नाही राहिलं वो! मलूल झालं बिचारं. थांब, फुंकर मारून पाहते."
हसणं. मग फुंकर. पुन्हा फुंकर.

डॉक्टरांना ऐकवलं. ते ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं. औषध लगेच सुरू, नमुना तपासायला पुण्याला, मंगला काचेआड. सोबतच्या बायकांना फोन. नर्स पोर एवढंच म्हणाली, "त्यांनाच बोलू द्यायचं होतं ना, मॅडम."
साठ वर्षं तिच्या वतीने मीच बोलत आले. चार दिवस वाया. माझ्या अक्षरात.

२३ फेब्रु.
मलाही रोज ताप मोजून कळवायचा आहे. कळवते. पुण्याचा रिपोर्ट अजून आलेला नाही. आज कुणाला वाकडा शब्द बोलले नाही. फॉर्मचं तिला अजून सांगितलेलं नाही. काचेतून कसं…

दुपारी डोळे उघडले तिने. तोंडावर मास्क. मला बघून हात उचलला, स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, भुवया वर. कसा आहे?
काठी भिंतीला टेकवली. काचेसमोर इकडून तिकडे चालून दाखवलं. तिने बोट फिरवलं: आणखी एकदा.
चालले.