हेडफोनमधलं माझं वादन

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा उभ्या उभ्या नमस्कार. (साष्टांग घालायला खोलीत जागा उरलेली नाही. कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीने दिलेलं तेल खरंच लावता, की लावलं असं सांगता? आमच्याकडे सगळं ठीक. बाबांच्या खांद्याला जरा लागलं आहे, पण तेही ड्रममुळेच, तेव्हा ओघात सांगतो.

इलेक्ट्रॉनिक ड्रम आला तेव्हा त्याचं खोकं पाहून आई म्हणाली, "एवढंसं तर आहे." उघडल्यावर तो पलंगापासून कपाटापर्यंत पसरला. तेव्हापासून कपाटाचं दार वीतभरच उघडतं. बाबा त्या फटीत हात घालून जो लागेल तो शर्ट ओढतात आणि तोच घालून कामावर जातात. (परवा आईचं पोलकं आलं. ते त्यांनी परत आत ढकललं.) झांजेच्या जागी जी रबरी चकती असते, ती नेमकी त्यांच्या खांद्याच्या उंचीवर येते. खरं तर ही वस्तू घेतली ती कुणाला त्रास होऊ नये म्हणूनच. ठोकायचं रबरावर, आवाज यायचा तो फक्त आपल्या हेडफोनमध्ये. शेजाऱ्यांना पत्ताही लागणार नाही, असं दुकानदार म्हणाला होता. तो माणूस खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. शेजारी म्हणजे बाजूचे, असा त्याने अर्थ घेतला असावा. खालच्या मजल्याविषयी त्याने शब्द दिलेला नव्हता.

पायाचं पेडल जमिनीवर असतं, आणि आमची जमीन म्हणजे खालच्या काकूंचं छत. पहिल्याच दुपारी त्या वर आल्या आणि आईला म्हणाल्या, "अगं, तुझा लेक लाकडं फोडतो का घरात?" आई म्हणाली, तो ड्रम शिकतोय. "शिकू दे की. पण जरा नेमाने फोड म्हणावं! एक घाव झाला की दुसरा कधी पडेल ह्याची वाट बघत मी टक्क जागी." मला फार वाईट वाटलं. त्यांच्या झोपेबद्दल नव्हे, त्यांच्या अज्ञानाबद्दल. कारण हेडफोनमध्ये मी अप्रतिम वाजत होतो.

ते तर तुम्ही स्वतः ऐकलं आहे. तुम्ही आलात, हेडफोन लावलेत, मी वाजवू लागलो आणि तुमचे डोळे भरून आले. "ताई, पोराने नाव काढलं!" असं तुम्ही आईला ओरडून सांगितलंत. (हेडफोन लावलेला माणूस ओरडूनच बोलतो, त्यामुळे ते जिन्यापर्यंत गेलं.) बारावीला दोनदा राहिलेल्या मुलाबद्दल हे वाक्य आमच्या घरात प्रथमच उच्चारलं गेलं. आई त्या दिवसापासून जरा ताठ चालते. आणि तुम्ही तिथल्या तिथे जाहीर केलंत की तुमच्या निवृत्तीच्या समारंभात, सगळ्या साहेबांसमोर, भाचा ड्रम वाजवणार.

मामा, आता मुद्द्यावर येतो. गेल्या मंगळवारी वाजवता वाजवता माझ्या पाठीला खाज सुटली. मी काठी उचलून पाठ खाजवू लागलो. ड्रम वाजतच राहिला. मी दुसराही हात थांबवला, पेडलवरून पाय काढला. आता तर तो आणखीच सुरेख वाजू लागला. ड्रमसोबत बटणांचा एक डबा येतो, त्यावर 'नमुना' नावाचं बटण आहे. ते दाबलं की दिवा लागतो आणि डबा आपला आपणच वाजतो; ते पहिल्या दिवसापासून दाबलेलं होतं. म्हणजे तुमचे डोळे भरून आले ते त्या डब्यामुळे. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं आहे. ती मी पेन्सिल घेऊन वाचली होती, सगळे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. फक्त वाक्य काय म्हणतंय ते बघायचं राहून गेलं. (पाट्यांच्या दुकानात माझी हीच नोकरी आहे. पाटी काय म्हणते ती जबाबदारी गिऱ्हाइकाची.)

बटण बंद करून मी स्वतःचं वादन ऐकलं आणि थेट खाली जाऊन काकूंची माफी मागितली. लाकडं फोडण्याला निदान काही उद्देश असतो. काकू म्हणाल्या, "माफी राहू दे, खाली गोधडी घाल." आता रोज मनापासून सराव करतो. हात सांभाळले की पाय विसरतो, पाय आठवला की डावा हात हवेत राहतो. तुम्ही इतकी वर्षं मान खाली न घालता नोकरी केलीत. शेवटच्या दिवशी माझ्यापायी तुमचं हसं होऊ नये. तेव्हा माझं नाव कार्यक्रमातून काढावं. मी येईन, खुर्च्या मांडीन. आईला मात्र तुम्हीच सांगा. मला ते जमणार नाही.

मामीला नमस्कार. तेल लावत जा.

तुमचा,
हेडफोन काढलेला भाचा

ता. क. पत्र पाकिटात घालतानाच तुमच्या समारंभाची पत्रिका आली. माझ्या नावाआधी 'सुप्रसिद्ध ड्रमवादक' असं छापलं आहे, आणि एकही चूक नाही. बाबांनी ती आरशाच्या कोपऱ्यात खोचली. आईने खाली नेऊन काकूंना दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "मी पहिल्या रांगेत बसणार!" सबब वरचा मजकूर रद्द समजावा. स्टेजवर माझ्या मागे कुणालाही बसवू नये, बटणाचा दिवा तिथून दिसतो. ड्रमखाली जाड गोधडी हवी. काकूंना शक्यतो शेवटची रांग द्यावी.

दुसरा ता. क. तुम्ही मला लिहायला सांगितलेलं तुमचं निरोपाचं भाषण सोबत पाठवत आहे. ते तुम्ही स्वतःच लिहिलं आहे असं वाटावं, ह्याची तुम्ही म्हणालात तशी पुरेपूर काळजी घेतली आहे. माझ्या बाबतीतही तेवढीच घ्यावी, एवढंच मागणं. फक्त ते भाषण पाठ करून ठेवा. वाजवता वाजवता वीज गेली तर ड्रम थांबेल आणि माझे हात चालू राहतील. त्या क्षणी तुम्हाला उठून बोलायला सुरुवात करावी लागेल, आणि अंधारात कागद वाचता येणार नाही.