बाहुलीवरची पिशवी

अंधेरी, मंगळवार, संध्याकाळ

काल रात्रभर झोपले नाही. मिनीचा श्वास चालतोय ना, तेच बघत बसले.

काल माझा दादा तिला बाहुली देऊन गेला. बाहुली पंजाएवढी, पण खोक्यात खोका, वर तीन पिशव्या. मी चहा टाकायला वळले तेवढ्यात एक पातळ पिशवी मिनीच्या नाकातोंडाला चिकटली. मी नुसती बघत राहिले. आई ना मी तिची? हात का नाही हलला माझा?

पारूमावशी मासे घेऊन दारात आली होती. तिने पाटी टाकली आणि नखाने पिशवी फाडली. मिनी रडली, तेव्हा कुठे मी रडले.

मावशी म्हणाली, "भावाने बाहुली दिली का पिशव्यांचं दुकान गं? माझे बोंबील बघ, एका पानात जातात."

खरंच, इतकी वर्षं दारोदार विकते, मागे कचरा म्हणून नाही. आमच्या एका बाहुलीचा ढीग अजून दाराशी पडलाय. केवढी बाई ती.

मिनीच्या गालाला बोंबलाचा वास येतोय. मी पुसला नाही.

मी बोलले तर रडेन. घरात हे जो वाचेल त्याने दादाला फोन करावा. काय झालं ते सांगा, पण मिनी बरी आहे म्हणा. पुढच्या वेळी बाहुली नुसती हातात घेऊन ये म्हणा.